मेर्ली आते, दार का नाही वाजवलंस?

मेर्ली आते,

व्हिनेगर संपलं की तू माझं दार वाजवायचीस. सरकारी पत्रातली भाषा कळली नाही की वाजवायचीस. टीव्हीचा रिमोट, फोनवरची बारीक अक्षरं, खिडकीची अडकलेली जाळी, एकदा तर फक्त ड्रेसची पाठीवरची चेन वर ओढून हवी होती म्हणून. सात वर्षं तू असल्या कामांसाठी माझ्या दाराशी येत राहिलीस. आणि त्या मंगळवारी, जेव्हा खरंच काम होतं, तेव्हा माझ्या दारावरून चालत लिफ्टकडे गेलीस. दार वाजवलं नाहीस. मी आत होते, आते. दरवाजापासून दहा पावलांवर, कानाला हेडसेट लावून बसले होते.

तुला जाऊन अठरा दिवस झाले. ऑफिसमधले लोक विचारतात, हाऊ आर यू डूइंग, आणि मी फाईन म्हणते. शेजारीण गेली म्हणून किती दिवस रडायचं, याचा त्यांच्याकडे काही अंदाज नसतो. खरं तर मी रडतही नाहीये. मी चिडलेय. सकाळी डबा भरताना चिडते, कॉरिडॉरमधून जाताना तुझ्या दाराकडे न बघता पुढे जाते आणि तसं केलं म्हणून परत चिडते. आपण सात वर्षं इंग्रजीत बोललो, तू तुझ्या वळणाचं, मी माझ्या. पण हे मी मराठीत लिहितेय. रागवायला मला मराठीच लागते.

'आते' हा शब्द मला पहिल्याच दिवशी आवडला होता. तुमच्या टागालोगमध्ये आते म्हणजे थोरली बहीण. आमच्याकडे आते म्हटलं की आत्याच डोळ्यांसमोर येते, बाबांची बहीण. माझी लेक मैत्री तेव्हा दोन वर्षांची होती. तिने आपल्यापरीने निकाल लावून टाकला की तू तिची आत्या आहेस, आणि पुढे नीट बोलायला लागल्यावर नागपूरला व्हिडिओ कॉलवर आजोबांना सांगितलं, "माय आत्या इज फ्रॉम फिलिपीन्स." बाबा गोंधळले. आपल्याला अशी कोणती बहीण आहे, ते आठवायला लागले.

आम्ही जर्सी सिटीतल्या या बिल्डिंगमध्ये आलो त्याला आठवडाही झाला नव्हता. सामानाची खोकी अजून उघडायची होती. तू दारात उभी राहिलीस. जेमतेम पाच फूट उंची, कामावरचा निळा ड्रेस, पायात घरातल्या सपाता. म्हणालीस, "नेबर, स्मॉल फेव्हर. व्हेरी स्मॉल. तुम्ही दोघं पाच मिनिटं माझ्या खोक्यावर बसाल का?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण तसंच होतं. तुझ्या हॉलच्या मध्यभागी एक भलंमोठं खोकं होतं. फिलिपीन्सला, बातांगासच्या भावाच्या घरी पाठवायचं, वर्षातून दोनदा जाणारं. त्यात टॉवेल, लोशनच्या बाटल्या, डबाबंद मांस, चॉकलेट, कुणाचे तरी बूट, आणि तरीही तुला त्यात एक कुकर घालायचा होता. झाकणं जुळत नव्हती. मिलिंद आणि मी त्याच्यावर बसलो, मैत्री आमच्या मांडीवर, आणि तू गुडघे टेकून चारी बाजूंनी चिकटपट्टी ओढत फिरलीस. "मूव्ह लिटल, सर. मॅम, डोंट ब्रीद." आम्ही हसून हसून हललो आणि एक कोपरा फाटला. मग पुन्हा पहिल्यापासून. जाताना तू आम्हाला भाताबरोबर काहीतरी आंबट, काळपट, सुंदर वासाचं कालवण दिलंस. घरी येऊन मिलिंद म्हणाला, "यार, ही बाई भारी आहे." मी म्हणाले, "हो, पण ओळख नाही पाळख नाही, सरळ येऊन काम सांगते."

हे तुला मी कधी सांगितलं नाही. पहिली तीन वर्षं मला तुझा त्रास व्हायचा. दार वाजलं की मी मनात म्हणायचे, आता काय. तू दर वेळी 'पासुयो' म्हणायचीस, 'पासुयो नामान, सुज', म्हणजे एवढं एक काम करशील का गं. काम तर मी करायचे, पण आतून आखडून. मी स्वतः कुणाकडे काही मागत नव्हते ना. न मागणाऱ्या माणसाला मागणारा माणूस फार लागतो.

मी का मागत नव्हते, ते तुला नंतर सांगितलं, पण तेव्हा भांडणाच्या ओघात सांगितलं, नीट नाही. आमच्या घरात मागणं हा शब्दच नव्हता. बाबा पोस्टात होते. चहासाठी साखर संपली तर आई बिनसाखरेचा चहा करायची, पण मला वाटी घेऊन शेजारी पाठवायची नाही. "काहून मागायचं कोणाला?" बाबा म्हणायचे. "हक्काचं असेल तर घ्यायचं. नसेल तर आपल्या कमाईतून आणायचं. तिसरा रस्ता आपल्याला नाही." आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीत आमच्या लोकांनी धर्म सोडला, आणि धर्माबरोबर वाकून हात पसरणंही सोडलं. बाबांना त्याचा अभिमान होता. मलाही आहे. तो अभिमान घेऊन मी इंजिनिअरिंग केलं, अमेरिकेत आले, आणि मैत्रीचा जन्म झाला तेव्हा टाके ओले असताना स्वतः कपड्यांची बास्केट उचलून खालच्या लाँड्रीत गेले.

मग तो फेब्रुवारी. मिलिंदला हर्नडनचा प्रोजेक्ट मिळाला होता. सोमवारी पहाटेच्या गाडीने व्हर्जिनियाला जायचा, शुक्रवारी यायचा. बर्फ पडत होतं आणि मैत्रीचा ताप उतरत नव्हता. घरातलं औषध संपलं. ती पाच वर्षांची होती, एकटीला सोडता येईना. मी तिला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, वरून माझा कोट घातला आणि तसंच कडेवर घेऊन बर्फातून कोपऱ्यावरच्या फार्मसीत गेले. परत आले तेव्हा तू लॉबीत होतीस, ड्यूटीवरून येत होतीस. मैत्रीच्या भुवयांवर बर्फ होतं.

तुला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या घरात शिरलीस, मैत्रीला माझ्या हातातून काढून घेतलंस, कपडे बदललेस, औषध दिलंस, आणि ती झोपल्यावर स्वयंपाकघरात येऊन हलक्या आवाजात ओरडलीस. हलक्या आवाजात ओरडणं फक्त तुलाच जमायचं.

"मी रोज परक्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालते. आणि तुझी मुलगी बर्फात?"

"तुला त्रास द्यायचा नव्हता, आते."

"त्रास? सुज, मी तुझ्याकडे इतक्या वेळा येते, तो त्रास होतो का तुला?"

मी औषधाच्या बाटलीचं झाकण घट्ट करत राहिले. तुला कळलं, होतो. तुझा चेहरा पडला, अगदी क्षणभर. मग तू म्हणालीस, "प्रॉब्लेम काय आहे ते कळलं मला. तुला मागता येत नाही. कुणी शिकवलंच नाही. सिट डाऊन."

अशी आपली शिकवणी सुरू झाली. शनिवारी दुपारी, तुझ्या टेबलावर. मी तुला कांदा चिरून द्यायचे, तू मला मागायला शिकवायचीस. आधी 'पाकि'. कुठल्याही कामाच्या आधी पाकि लावायचं, की हुकमाची विनंती होते. पाकिआबोत, जरा दे. पाकिबुकास, जरा उघड. मैत्री म्हणाली, "पाकी मीन्स पाकीट?" आणि त्या दिवसापासून तिच्यासाठी प्रत्येक विनंती पाकिटात घातलेली असायची. मग 'नामान', ते आमच्या 'ना'सारखं. दे ना, कर ना. मग 'पो', मोठ्या माणसाशी बोलताना वाक्यात कुठेतरी ठेवायचा मान. तू मला बातांगासला तुझ्या आईशी फोनवर बोलायला लावलंस, आणि माझा पो चुकीच्या जागी पडला की ती माऊली तिकडे खिदळायची.

मी म्हटलं, आमच्या भाषेत प्लीजला रोजचा शब्द नाही. 'कृपया' आहे, पण तो पाटीवर लिहायला. घरात 'जरा' म्हणतो. तुला तो शब्द फार आवडला. "जरा," तू म्हणायचीस, "जरा, जरा," जणू कोथिंबीर भुरभुरवतेयस. तुझं मराठी तिथेच सुरू झालं आणि तिथेच संपलं.

आणि 'सुयो'. त्या एका शब्दावर आपला अख्खा शनिवार गेला होता. मी विचारलं, सुयो म्हणजे उपकार का. तू नाक मुरडलंस. उपकार फार जड शब्द आहे, हे तुला मराठी न येताही कळलं. म्हणालीस, नवरा-बायकोचं भांडण झालं, बायको रुसली, तर नवरा मागे मागे फिरून जे करतो तोही सुयो. म्हणजे मनधरणी, लाडीगोडी. "काम मागणं म्हणजे तेच. मी तुझ्याकडे व्हिनेगर मागते तेव्हा थोडी तुझी लाडीगोडी करते. यू अँड मी, वुई आर ओके? ओके. मग व्हिनेगर."

आज मी रुसले आहे. आज माझा सुयो करायला तू नाहीस, आणि तुझ्याशिवाय कुणाला तो शब्दही माहीत नाही. बघ, कशी पंचाईत करून ठेवलीस.

आपलं खरं भांडण झालं ते पाण्यावरून. ते मिटलं नाही. तू शिकवत होतीस, 'माकि' लावलं की आणखी मऊ होतं. मला एकटीला दे असं नाही, तुमच्यात मलाही घ्या, असं. गर्दीतून जाताना माकिकिराआन पो, तुमच्यातून वाट द्या. आणि उन्हातून चालत आलेला अनोळखी माणूस कुठल्याही घरासमोर उभा राहून म्हणतो, माकिकिइनोम पो. तुमच्या पाण्यात मलाही प्यायला घ्या. तू अभिमानाने सांगितलंस, "आमच्याकडे याला कुणी नाही म्हणत नाही. कुणीच नाही."

मला एकदम राग आला. मी सुरी खाली ठेवली. माझ्या बाबांच्या आजीची गोष्ट सांगितली. विहिरीपासून लांब, मडकं खाली ठेवून ती उभी राहायची. कुणी वरून ओतेल तर पाणी. कधी कुणी लवकर यायचं, कधी दुपार व्हायची. "ती पण मागतच होती, आते," मी म्हणाले. "तिच्याकडे पण मऊ शब्द होते. माय म्हणायची, बाप म्हणायची. तुझ्या टागालोगपेक्षा मऊ. विहीर उघडली नाही त्याने. पाणी मागावं लागणं हाच अपमान आहे. ते कितीही गोड शब्दात मागा."

तुझ्या हातात लसूण होता, तो सोलायचा राहिला. मग म्हणालीस, "ती माणसं वाईट होती."

"हो."

"पण मी वाईट नाही."

"मी तसं म्हटलंच नाही."

"तू मला त्यांच्यात उभं करतेस, सुज. तुला काही हवं असतं, आणि तू बाहेर मडकं ठेवून उभी राहतेस. मी आत वाट बघतेय की कुणीतरी दार वाजवेल. दोघी तहानलेल्या. हे काय?"

मी म्हणाले, तुला कळणार नाही. तू म्हणालीस, कळेल, पण तू सांगायची नाहीस. मी उठून घरी आले, मैत्रीला तिथेच विसरून. पुढचे दोन शनिवार मी आले नाही. तिसऱ्या शनिवारी तू जाळी अडकली म्हणून आलीस आणि आपण पाण्याचा विषय टाळून कांदा चिरायला लागलो. अजूनही मला वाटतं माझं बरोबर होतं. हक्काच्या गोष्टीसाठी विनंती करायची नसते. आणि अजूनही मला वाटतं की तू जे म्हणत होतीस ते वेगळंच काहीतरी होतं आणि मी त्याला उत्तर दिलंच नाही. मनात ठरवून ठेवलं होतं, कधीतरी बोलू. तुझ्या निवृत्तीनंतर, तू म्हणत होतीस ना, दोन वर्षांनी.

पण त्यानंतर मी मागायला लागले. हे मात्र तुझंच. पहिल्यांदा मागितलं तेव्हा मी मॅनहॅटनमधल्या ऑफिसच्या जिन्यात उभी होते. मीटिंग लांबली होती आणि मैत्रीची शाळा सुटायला वीस मिनिटं होती. मी तुला फोन लावला आणि म्हटलं, "आते, माकिकिसुयो पो," आणि पुढचं वाक्य सुचेना. तू पलीकडून म्हणालीस, "फायनली!" पुढे काय काम आहे ते विचारलंसुद्धा नाहीस आधी. मग शाळेत गेलीस, त्याच सपाता घालून. मैत्रीच्या टीचरने नंतर मला विचारलं, तिची ग्रँडमदर खूप आनंदी असते का नेहमी.

पुढची तीन वर्षं मी मागत गेले. कुरिअर घेऊन ठेव, भात जास्त झालाय का, मैत्रीला तासभर बसव, माझ्या खांद्याला जरा मलम चोळ. मागून झालं की मला दर वेळी थोडंसं हलकं वाटायचं आणि थोडीशी लाज वाटायची. तुमच्याकडे त्या लाजेला 'हिया' म्हणतात, आमच्याकडे 'हया'. तू सांगितलंस, अमुक करायला संकोच वाटतो म्हणायचं तर 'नाकाकाहिया'. मी विचारलं होतं, तुला नाही का गं वाटत कधी? तू हसलीस. म्हणालीस, छोट्या कामाला कसली हिया.

छोट्या कामाला. तेव्हा मला हे ऐकू यायला हवं होतं.

आता रविवारचं. हे सांगायचं टाळून मी इतकं लिहिलं.

त्या आठवड्यात आमचं रिलीज होतं. महिनाभराचं काम शुक्रवारी बाहेर पडायचं, आणि काहीच धड चालत नव्हतं. रविवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन बसले होते. मैत्री वाढदिवसाच्या पार्टीला गेली होती, मिलिंद तिला आणायला निघाला होता. तू आलीस. दारात एका हाताने चौकट धरून उभी राहिलीस. "सुज, पासुयो नामान. फाईव्ह मिनिट्स."

काय हवंय ते मी विचारलं नाही. मी म्हणाले, "आते, नॉट धिस वीक, प्लीज. फ्रायडेपर्यंत मला डिस्टर्ब करू नकोस ना. फ्रायडेनंतर काहीही."

किती सभ्य होतं ते सगळं. प्लीज होतं, ना होता. तू म्हणालीस, "ओके, ओके. फ्रायडे." आणि हसलीस. चौकट धरलेला हात सोडायला तुला जरा वेळ लागला. हे मला आत्ता दिसतं. तेव्हा मी स्क्रीनकडे बघत होते.

मंगळवारी सकाळी साडेदहाला तू खाली लॉबीत गेलीस. हेक्टर डेस्कवर होता. त्याने मला हे तीन वेळा सांगितलं, कारण मी तीन वेळा विचारलं. तू बाकावर बसलीस. चेहरा राखेसारखा झाला होता. त्याने विचारलं, अँब्युलन्स बोलावू का. तू म्हणालीस, नको, कॅब बोलावलीय, नुसतं छातीत भरून आलंय. त्याने विचारलं, वर सुजाताला फोन करू? ती घरी आहे, मी बघितलंय सकाळी तिला मुलीला सोडून येताना.

तू म्हणालीस, "नो, नो. शी इज बिझी अंटिल फ्रायडे."

वीस मिनिटं तू त्या बाकावर कॅबची वाट बघत बसलीस. तू! चाळीस वर्षं आजाऱ्यांची सेवा केलेली बाई. छातीत भरून येणं म्हणजे काय, हे या बिल्डिंगमध्ये तुझ्याइतकं कुणाला कळत होतं? मला अर्धशिशी झाली तर बीपी मोजायला धावत येणारी तू. दुसऱ्या कुणाला असं झालं असतं तर तू त्याला कान धरून गाडीत घातलं असतंस. माझी गाडी खाली गॅरेजमध्ये उभी होती, आते. हॉस्पिटल आठ मिनिटांवर आहे. रिलीज गेलं असतं खड्ड्यात. ते तसंही पुढे ढकललं. पुढच्या महिन्यावर गेलं आणि कुणालाच काही फरक पडला नाही.

संध्याकाळी, हॉस्पिटलमध्ये, तू गेलीस. मला कळलं बुधवारी सकाळी, हेक्टरकडून, कचऱ्याची पिशवी हातात असताना.

मी तुझ्याकडे मागितलेली शेवटची गोष्ट काय, तर शुक्रवारपर्यंत मला त्रास देऊ नकोस. आणि तू ती पाळलीस. माझं एकही काम तू कधी टाळलं नव्हतंस, हेही नाही टाळलंस. यावर मी काय करू? कुणावर ओरडू? मिलिंद म्हणतो, स्वतःला दोष देऊ नकोस, हार्ट होतं, सांगता येत नाही. कुणी डॉक्टर असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. मला दोष वाटून घ्यायचा नाहीये. मला तुझ्याशी भांडायचंय. तुला दम द्यायचाय की शुक्रवार म्हणजे व्हिनेगरसाठी शुक्रवार, मरायला लागलीस तर नाही. एवढंही कळत नाही का? आणि मग तू हलक्या आवाजात ओरडून मला सांगायचं की रविवारी तुला काय हवं होतं. ते मला कधीच कळणार नाही. कदाचित रिमोट असेल. बहुतेक रिमोटच असेल, असं मी रोज स्वतःला सांगते.

कॅलिफोर्नियाहून तुझी भाची आली, जोआन. तिशीतली, शांत, नीटनेटकी मुलगी. नऊ दिवस तुझ्या घरात प्रार्थना होती. तुझ्या कामावरच्या बायका यायच्या, मोठमोठे ट्रे घेऊन. मीही रोज आले. मला त्या प्रार्थना येत नाहीत. मी मागे बसून मनात आमचं त्रिशरण म्हणायचे. तुला चाललं असतं. तू माझ्या हॉलमधल्या बुद्धापुढे जाता येता मान लववायचीस.

पण जोआनने मला काही करू दिलं नाही. मी विचारलं, खुर्च्या आणू? "वुई आर गुड." एअरपोर्टला सोडू? "आय गॉट इट." तुझे कपडे दान करायच्या पिशव्या ती एकटी खाली नेत होती, एकेक करून, पाठ वाकवून. मी लिफ्टमध्ये तिच्याबरोबर उभी, हात मोकळे. मला इतका अपमान वाटला, आते. सात वर्षं मला वाटायचं, मागणाऱ्याची मान खाली जाते. आपल्याकडे काही मागावं इतपतही कुणी आपल्याला समजत नाही, तेव्हा काय होतं हे मला त्या लिफ्टमध्ये कळलं. तिसऱ्या फेरीला मी तिच्या हातातली पिशवी ओढून घेतली. ती दचकली. मग रडायला लागली. म्हणाली, तिला टागालोग नीट येत नाही, प्रार्थनेतलं अर्धं कळत नाही, आणि आंटी प्रत्येक फोनवर तुमच्याबद्दल बोलायची म्हणून तुमच्यासमोर कसं वागायचं हेच कळत नाही. आम्ही दोघी लॉबीत पिशव्यांवर बसलो. हेक्टरने टिश्यूचा डबा आणून मध्ये ठेवला.

तिला सोडायला मी एअरपोर्टला गेले. परत येताना गाडी गॅरेजमध्ये लावली आणि उतरताच येईना. शनिवारची सकाळ होती. मिलिंद या वीकेंडला हर्नडनलाच थांबला होता, त्याचंही काहीतरी डेडलाईनचं होतं. मैत्री मैत्रिणीकडे होती. चार वर्षं झाली त्याच्या प्रोजेक्टला, आते. आधी एक वर्ष म्हणाले होते. मी शाळा बघते, नोकरी बघते, ताप, दात, पेरेंट-टीचर मीटिंग, सगळं. तू होतीस तेव्हा ते आपण दोघी मिळून उचलत होतो, म्हणून मला त्याचं वजन कळलं नव्हतं. तुझ्याकडे मी खांद्याला मलम मागायला शिकले, पण नवऱ्याकडे एक मोठी गोष्ट मागायची चार वर्षांपासून राहिली होती, ती राहिलीच.

मी गाडीत बसूनच फोन केला. पाकि नाही, पो नाही, जरा नाही.

"मिलिंद, तू घरी ये. वीकेंडला नाही, कायमचा. तो प्रोजेक्ट सोड, दुसरं बघ, काहीही कर. मला एकटीला जमत नाहीये."

मला वाटलं फोन कट झाला. मग त्याचा आवाज आला, अगदी हळू.

"मला वाटत होतं, तुला जमतंय."

तो सोमवारी मॅनेजरशी बोलणार आहे. किती दिवस लागतील माहीत नाही. भांडणं होतील, त्याला इथे काय मिळतं बघावं लागेल. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. त्याचा राग येत नव्हता. त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सगळं नीट चाललंय असं मी इतकं छान दाखवलं की त्याला बघायची गरजच पडली नाही.

तुझ्याबद्दल आम्हा सगळ्यांना तेच वाटत होतं, आते. तुला जमतंय.

तुझी,
सुज